पनवेलची वाट आणि शनिवार पाळणारी माणसं

पनवेलच्या जुन्या वस्तीत बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे. बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी समाजानं ते १८४९ साली बांधलं. त्याच्या आदल्या वर्षी अलिबागला मागेन आबोथ उभं राहिलं होतं आणि त्याआधी, १८४२ मध्ये, रेवदंड्याचं सिनेगॉग. शेकडो वर्षं कुलाबा-ठाण्याच्या गावांमधून राहणाऱ्या या समाजाला तोवर मुंबईबाहेर स्वतःचं प्रार्थनामंदिर नव्हतं. मुंबईत १७९६ पासून एक होतं. कंपनी सरकारच्या पलटणीतले अंमलदार समाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून जिवंत परतले आणि त्यांनी ते बांधून घेतलं. कोकणातली गावं मात्र तशीच राहिली होती. मग सात वर्षांत तीन ठिकाणी सिनेगॉग कशी काय उभी राहिली?

पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदार-जमादारांकडे चार पैसे साठले होते, हे एक कारण. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थनेची रीत नव्यानं लावून दिली, हे दुसरं. तिसरं कारण मला सर्वांत जास्त विचार करायला लावतं. या माणसांच्या हाती त्यांचं स्वतःचं शास्त्र मराठीत आणून ठेवलं ते ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. ते आले होते त्यांना ख्रिस्ताचे शिष्य करायला.

ही हकिगत नीट समजायची तर आधी पनवेल बंदराकडे पाहायला हवं. रेल्वे येण्याआधी मुंबईहून देशावर जाणारा माणूस बहुधा गलबतात बसून खाडीनं पनवेलला उतरायचा. भरतीची वेळ गाठावी लागे. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतून बसे. पनवेलहून पुढे बैलगाडी, तट्टू किंवा पालखी करून खोपोली, आणि मग बोरघाट. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर माल्कम साहेबांच्या कारकिर्दीत घाटातला गाडीरस्ता खुला झाला तसं पनवेल आणखी गजबजलं. तांदूळ, मीठ, कापूस, पलटणी, टपाल, सगळं याच वाटेनं चढायचं-उतरायचं. १८५२ साली इथे नगरपालिका झाली, यावरून गावाचा तेव्हाचा दिमाख कळावा. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली आणि पनवेल बाजूला पडलं.

या वाटेनं धर्मोपदेशकही गेले. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ च्या पावसाळ्यात मुंबईहून होडीनं पनवेलला उतरले आणि घाट चढून कार्ल्याची लेणी पाहत पुण्याला पोचले. इंग्रजी जगात त्यांची प्रार्थनागीतं घरोघरी म्हटली जात. पण या लेखाचा नायक दुसरा आहे. हेबर कोकणातून गेले त्या काळात मुंबईत एक अमेरिकन माणूस बारा वर्षं मराठी बोलत, रस्त्यात उभा राहून, देवळांच्या ओट्यांवर बसून लोकांशी धर्माबद्दल बोलत होता. त्याचं नाव गॉर्डन हॉल.

हॉलची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात. १८०६ च्या उन्हाळ्यात तिथले पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले असताना वादळ आलं. ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियात सुवार्ता घेऊन जायचं तिथेच ठरवून उठले. हॉल त्या पाचांत नव्हता, पण त्याच कॉलेजात शिकत होता आणि त्यांच्या मंडळात पुढे सामील झाला. एका गावच्या चर्चनं त्याला पाळक म्हणून बोलावलं होतं. चांगलं घर, ठरलेला पगार, मान. त्यानं नकार दिला. येशूनं आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाण्याची जी आज्ञा दिली ती आपल्यालाही आहे, एवढंच त्याला दिसत होतं. १८१२ च्या फेब्रुवारीत तो आणि सॅम्युएल नॉट एका जहाजावर चढले. दुसऱ्या जहाजात सॅम्युएल न्यूवेल आणि त्याची तरुण पत्नी हॅरिएट होती. हॅरिएट हिंदुस्थानात काम सुरू करण्याआधीच मॉरिशसला वारली, एकोणीस वर्षांची.

कंपनी सरकारला मिशनरी नको होते. धर्माची ढवळाढवळ झाली तर व्यापाराला झळ पोचेल ही भीती. त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध पेटलं, म्हणजे हे परकेच नव्हे तर शत्रूचे लोक ठरले. कलकत्त्याहून त्यांना निघून जायचा हुकूम झाला. हॉल आणि नॉट कसेबसे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोचले. इथेही तोच हुकूम. नोव्हेंबरात ते गुपचूप एका गलबतातून कोचीनला निसटले, पकडले गेले, परत आणले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना त्यांनी लिहिलेली पत्रं अर्जवजा नाहीत. आम्हाला हाकलून देण्याचा जबाब तुम्हाला देवापुढे द्यावा लागेल, असा त्यांचा रोखठोक सूर आहे. नेपियन स्वतः धर्मशील गृहस्थ होते. त्यांनी वेळ काढली आणि अखेर राहायची परवानगी मिळाली.

मग सुरू झालं रोजचं काम. मराठी शिकणं, शाळा काढणं, १८१७ पासून स्वतःच्या छापखान्यात मराठी पत्रकं आणि बायबलची पुस्तकं छापणं. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यानं बंगालमधल्या श्रीरामपूरला नवा करार मराठीत १८११ मध्येच छापला होता, पण तो मोडीत होता आणि मराठी मुलखापासून लांब बसून केलेला. अमेरिकनांनी मुंबईत नवं भाषांतर हाती घेतलं आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला. त्यांच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमनं देवनागरीचे सुबक खिळे पाडले. तिथेच काम करणाऱ्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढून मराठी पंचांग छापलं. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजीही त्याच छापखान्यातून शिकून बाहेर पडले. बाप्तिस्मे मात्र जवळजवळ नाहीत. तेरा वर्षं माणूस रोज बाजारात उभा राहतो, बोलतो, लोक ऐकतात, हुज्जत घालतात, हसतात, घरी जातात. पुढे मुंबईला येऊन मिळालेला न्यूवेल १८२१ मध्ये पटकीनं गेला. १८२५ मध्ये हॉलनं बायको आणि दोन मुलांना अमेरिकेला पाठवलं. त्यातला एक मुलगा वाटेतच वारला.

मार्च १८२६ मध्ये हॉल दोन ख्रिस्ती मुलं बरोबर घेऊन नाशिककडे फिरतीवर गेला. नाशिकात पटकीची साथ होती. त्यानं बरोबरची औषधं वाटली, ती संपली तशी परत फिरला. १९ तारखेच्या रात्री वाटेतल्या एका गावी देवळाच्या ओसरीवर तो झोपला. पहाटे चारच्या सुमारास त्याला पटकीनं गाठलं. आपण आता जगत नाही हे त्यानं त्या मुलांना सांगितलं. आपल्या वस्तूंचं काय करायचं ते सांगितलं, बायकोमुलांसाठी प्रार्थना केली, भोवती जमलेल्या गावकऱ्यांशी मराठीत बोलला. दुपारी तो गेला. पेटी करायला लाकूड मिळालं नाही. त्या दोन पोरांनी खड्डा खणवून घेतला आणि घोंगडीत गुंडाळून त्याला पुरलं. हॉल एकेचाळीस वर्षांचा होता. पंधरा दिवसांनी, ३ एप्रिलला, बिशप हेबरही त्रिचनापल्लीला वारले. त्यांच्यासाठी संगमरवरी स्मारकं उभी राहिली.

शिष्यत्वाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. ओसरीवरची ती पहाट आठवली की मला वाटतं, हॉलनं कमी लिहिलं आणि पुरतं केलं.

आता शनिवार पाळणाऱ्या माणसांकडे येऊ. पनवेल, पेण, अलिबाग, रोहा, चौल, मुरुड या टापूतल्या कितीतरी गावांत तेलाचा घाणा चालवणारी घरं होती. ती शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली हे नाव दिलं होतं. त्यांची आडनावं गावांवरून: पनवेलकर, पेणकर, रोहेकर, चौलकर, किहिमकर. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, उरलेल्यांना तिथेच पुरलं, असं ते सांगत. मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवले आणि पर असलेलेच मासे, आणि लग्न-बारशापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी देवाच्या एकपणाची ती एक हिब्रू ओळ. पुढचं पाठ नव्हतं. ग्रंथ नव्हते, वाचता येणारे नव्हते. एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर, सुका मेवा घालून मलिदा करायचा आणि ताटाभोवती बसून प्रार्थना करायची, हा त्यांचा मोठा विधी. आजही तो होतो, आणि बेने इस्रायल माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी मलिद्याच्या ताटाला सहसा मुकत नाही.

अशा माणसांना बायबल मानणारे लोक भेटले. अमेरिकन मिशनच्या शाळा मुंबईतून कोकणाच्या किनाऱ्याकडे पसरत गेल्या तसे त्यांत बेने इस्रायल मुलं आली, आणि थोड्याच वर्षांत मास्तरही त्यांच्यातलेच झाले. मिशनऱ्यांना हे सोयीचं होतं. उत्पत्ती, निर्गम, दाविदाची स्तोत्रं शिकवताना इतर मुलांना आधी सगळं समजावून द्यावं लागे. या मुलांना मात्र वर्गात बसल्या बसल्या कळे की अब्राहाम आपला, मोशे आपला, आणि आजी जे तोंडातल्या तोंडात पुटपुटते त्याची लिहिलेली पोथी ही आहे.

१८२९ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडहून मिशनरी जॉन विल्सन आले. पहिले काही महिने ते बाणकोट-हर्णैच्या बाजूला राहून मराठी शिकले, मग मुंबईत स्थिरावले. १८३२ मध्ये त्यांनी जी शाळा काढली तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८३५ मध्ये त्या इथेच वारल्या. बेने इस्रायल लोकांवर विल्सनांचा फार जीव होता. हे इस्रायलच्या हरवलेल्या दहा वंशांचे लोक असावेत असं त्यांना वाटे, म्हणून ते त्यांच्या चालीरीती टिपून ठेवत. त्यांच्यासाठी विल्सनांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. ते १८३२ मध्ये छापलं गेलं. मराठी छपाईच्या त्या सुरुवातीच्या काळात तेल्यांच्या पोरांसाठी कोणी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापत होतं. विल्सनांच्या शाळेतून हिब्रू वाचणारी पिढी तयार झाली. १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत छापून निघालं. त्यातला जुना करार बेने इस्रायल घरांतून वाचला जाऊ लागला.

विल्सनांची एक बाजू मला खटकते, ती झाकून पुढे जाणं बरोबर नाही. हिंदू धर्मावर त्यांनी जाहीर वाद घातले, पुस्तकं लिहिली, आणि त्यांत ऐकणाऱ्याच्या मनाला लागेल अशी भाषा वापरली. सुवार्ता सांगायची तर समोरच्याची देवघरं मोडून सांगावी लागते हा समज त्या पिढीत होता. त्याची किंमतही मोजावी लागली. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्यानं बाप्तिस्मा घेतला आणि शाळा जवळजवळ ओस पडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा बारा वर्षांच्या आसपासचा भाऊ श्रीपत मिशनमध्येच राहिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं मुलगा बापाच्या हवाली केला. त्याला परत जातीत घ्यायचं की नाही यावर ब्राह्मणवर्गात रणं माजली. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांनी पुष्कळ सोसलं. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत कोर्टानं योग्य केलं, असंच मी म्हणेन. नारायण शेषाद्री मात्र अखेरपर्यंत आपल्या शब्दाला जागले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसवलं आणि ज्यांना गावात पाणी मिळत नव्हतं त्यांच्यात जन्म काढला.

बेने इस्रायलांच्या बाबतीत असं वादळ उठलं नाही. बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. मिशनरी येशूच मसीहा आहे हे त्यांना जुन्या करारातून दाखवत राहिले, मराठीत पत्रकं लिहीत राहिले. ही माणसं शांतपणे ऐकत, पुस्तक घेत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांनी पुस्तक नाकारलं नाही. उलट इतकं मनापासून घेतलं की त्यातून ते आधीपेक्षा पक्के यहुदी झाले. सब्बाथ का पाळायचा, वल्हांडणाचा सण कसा करायचा, हे आता त्यांना स्वतः वाचता येत होतं. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. तीन वर्षांनी पनवेलचं सिनेगॉग बांधून झालं.

मग मिशनऱ्यांचं काम फसलं का? मोजदाद करणाऱ्या मंडळींना तसं वाटलं असेल, कारण विलायतेला आणि बोस्टनला दर वर्षी अहवाल जायचे आणि त्यात आकडे भरावे लागायचे. माझं मत वेगळं आहे. ख्रिस्ताची आज्ञा साक्ष देण्याची आहे, ऐकणाऱ्याच्या उत्तरावर कब्जा करण्याची नाही. पेरणाऱ्यानं बी मुठीतून सोडलं की ते मातीचं होतं. हे लोक आपले होत नाहीत हे पुरतं दिसल्यावरही या शाळांची दारं त्यांच्या मुलांना बंद झाली नाहीत, हिब्रू शिकवणं थांबलं नाही. मला त्यांच्या श्रद्धेचा खरा कस इथे लागलेला दिसतो. ज्याला शिष्य करता आलं त्याच्यावर प्रेम करणं सोपं. ज्यानं नम्रपणे ‘नाही’ म्हटलं त्याच्या पोराला वीस वर्षं व्याकरण शिकवत राहणं कठीण.

ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांची वाटही सोपी नव्हती. बाबाजी नावाचे एक ब्राह्मण पंडित मिशनऱ्यांना भाषा शिकवता शिकवता १८३१ मध्ये स्वतः ख्रिस्ती झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन मिशनची मंडळी अहमदनगरला नवं ठाणं उघडायला गेली, तेव्हा ते त्यांच्याबरोबर होते. नगरला म्हाताऱ्या, लंगड्या, आंधळ्या माणसांसाठी एक आश्रय होता, तिथे बाबाजी जाऊन बसत. तिथली बरीच माणसं अशी होती की पूर्वीच्या बाबाजींनी त्यांची सावली अंगावर घेतली नसती. १८३३ च्या एप्रिलात पटकीनं ते गेले. हॉलिस रीड या मिशनऱ्यानं त्यांचं दोन भागांत चरित्र लिहिलं. मराठी माणसाच्या ख्रिस्ती आयुष्यावरच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ते येतं. आपल्याकडे ते फारसं कोणी वाचत नाही याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक माणूस या काळाच्या चित्रात हवा. १८४८ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन. तरुणपणी ते नास्तिक होते. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती वारली आणि जाताना तिनं स्वतःचं बायबल त्यांच्यासाठी ठेवलं. ते वाचून ते बदलले. मुंबईत आल्यावर वर्ष-दीड वर्षात त्यांनी मिशनचा पगार सोडून दिला. साहेबाच्या पगारात राहून गरिबांना येशूबद्दल सांगणं त्यांना पटेना. शिकवण्या करून ते पोट भरत, वस्तीतल्या लहानशा खोलीत राहत, आणि रोज संध्याकाळी मराठीत रस्त्यावर बोलत. १८५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी जमणाऱ्या गर्दीपुढे त्यांच्याशी वाद घालायला उभे राहिले ते विष्णुबावा ब्रह्मचारी. तेही कुलाबा जिल्ह्यातले, शिरवलीचे. वेदोक्त धर्माच्या बाजूनं बावा बोलत, ख्रिस्ताच्या बाजूनं बोवेन. शेकडो माणसं वाळूत बसून ऐकत. बोवेननीच पुढे त्या वादाचा वृत्तांत पुस्तकरूपानं काढला. बोवेन १८८८ मध्ये वारले. चाळीस वर्षांत त्यांच्यामुळे ख्रिस्ती झालेली माणसं फार थोडी. पण मुंबईत साधू म्हटलं जाण्याचा मान ज्या थोड्या गोऱ्यांना मिळाला, त्यांत ते होते.

आता पुन्हा शनिवार पाळणाऱ्या माणसांकडे. मराठीत हाती आलेली त्यांच्या शास्त्रातली गोष्ट पुढे कीर्तनात गेली. १८८० च्या सुमाराला मुंबईत बेने इस्रायल तरुणांनी मराठी कीर्तनं सुरू केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर झांज-पेटीच्या साथीवर योसेफाची, मोशेची आख्यानं लावत. नारदाच्या गादीवर उभं राहून कीर्तनकार मिसरच्या फारोची कथा सांगतोय आणि समोर नऊवारीतल्या बायका डोळे पुसतायत, ही दृश्यं त्या काळी मुंबईत आणि कोकणात घडत होती. त्याआधी, १८७४ मध्ये, पुण्यात तळकर मंडळींनी काढलेल्या हग्गादात बेखमीर भाकरीसाठी कणीक मळणाऱ्या बायकांचं चित्र आहे. त्या मराठी वळणाची लुगडी नेसलेल्या आहेत. पोथीत हिब्रू आणि मराठी समोरासमोर.

त्या पिढीचे एक पुढारी हाइम सॅम्युएल किहिमकर. आपल्या मुलांनी यहुदी म्हणून शिकावं यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली. ख्रिस्ती शाळांवर विसंबून राहायचं नाही असा त्यामागे स्पष्ट हेतू होता. पण त्यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास वाचला तर अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांबद्दल राग कुठेही नाही. आपल्या लोकांना ज्ञानाची वाट कोणी दाखवली हे त्यांनी कृतज्ञतेनं नोंदवलं आहे, आणि त्यांचा धर्म आपण का घेतला नाही हेही ठामपणे सांगितलं आहे. हे पुस्तक १८९७ मध्ये लिहून झालं. छापलं गेलं तेल अवीवला, १९३७ मध्ये.

किहिमकरांची शाळा सुरू झाली त्याच वर्षी, १ डिसेंबर १८७५ रोजी, जॉन विल्सन मुंबईत वारले. नवी शाळा निघाली तेव्हा हिब्रू येणारी माणसं समाजात नवलाची राहिली नव्हती. विल्सनांच्या वर्गात बसून शिकलेले लोक समाजात होतेच.